दोन फुटांचा समुद्र

खाऱ्या पाण्याची टाकी घरी करायची असं ठरलं की माणूस आधी मासे बघायला दुकानात जातो. खरं तर ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. पहिला महिना-दीड महिना टाकीत एकही मासा नसतो. या काळात जो कंटाळत नाही, त्याची टाकी पुढे वर्षानुवर्षं टिकते.

लक्षद्वीपला किंवा अंदमानला प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या उतारावर एखादा मासा मेला, तर त्याच्या कुजण्याने पाणी बिघडत नाही. दुपारचं ऊन तापलं तरी पाणी फारसं तापत नाही. वाफ होऊन पाणी उडतं, पण खारटपणा होता तेवढाच राहतो. प्रवाळ सांगाड्यासाठी पाण्यातला चुना सतत ओढून घेतात, तरी चुना कमी पडत नाही. यासाठी कोणालाही काही करावं लागत नाही, कारण पाणी अफाट आहे. शंभर लिटर पाण्यात हेच सगळं घडू लागलं, की गणित काही दिवसांत, कधी काही तासांत कोलमडतं. समुद्र नुसत्या आकाराच्या बळावर जी कामं उरकतो, ती टाकीच्या मालकाला स्वतःच्या हातांनी करावी लागतात. या प्रकरणात ती कामं एकेक करून पाहू.

छोटी टाकी सोपी असते, हा समज मुळातच उलटा आहे. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. टेबलावर मावणाऱ्या वीस-पंचवीस लिटरच्या टाक्या दिसायला गोड असतात, पण त्या मुरलेल्या माणसाने ठेवाव्यात. नवशिक्यासाठी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी मला योग्य वाटते. काचवाल्याकडून ती सहज बनवून मिळते. हिशोबाने तिच्यात सुमारे एकशे वीस लिटर पाणी मावतं. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्षात शंभरेक लिटर उरतं. काच, पाणी, खडक, वाळू मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे स्टँड भक्कम आणि लेव्हलमध्ये हवा. खिडकीची जागा टाळावी, कारण थेट उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. वायरी प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन न्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळापाशी गळून पडतं. प्लग शक्यतो टाकीच्या पातळीच्या वरच असावा.

आता पाणी. मुंबईत राहणाऱ्याला पहिला मोह होतो तो गिरगाव किंवा जुहूवरून कॅन भरून आणण्याचा. तिथल्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. ते घरच्या टाकीत घालू नये. स्वयंपाकघरातलं मीठही चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी वजनाने साधारण ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोरिनचा असतो. उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही असतं, आणि प्रवाळांचं जगणं त्या पंधरा टक्क्यांवर अवलंबून असतं. सुदैवाने या सगळ्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खुल्या समुद्रात कुठेही गेलं तरी जवळपास सारखंच भरतं. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. खारटपणा कमी-जास्त असेल, पण क्षारांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही, हे त्या तपासणीने पक्कं झालं. आज दुकानात मिळणारं 'रीफ सॉल्ट' याच ज्ञानावर उभं आहे. एकदा प्रमाण ठरलं की समुद्र पुड्यात भरता येतो.

हे मीठ ज्या पाण्यात घालायचं ते पाणी अगदी कोरं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरिन, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असतं. घरातल्या आरओ मशीनचं पाणीही बहुधा चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्यात पुन्हा खनिजं सोडलेली असतात. आणि 'कॉपर' असं नाव मिरवणारं मशीन असेल तर त्याचं पाणी टाकीच्या जवळही नेऊ नये. माणसाला चालणारं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांच्यासाठी अगदी थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरतं. टाकीसाठी वेगळं आरओ युनिट घ्यावं, त्याच्या शेवटी उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं जोडलेलं असावं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसावं.

लिटरला साधारण ३६ ग्रॅम मीठ लागतं. आधी पाणी, मग मीठ, हा क्रम मोडायचा नाही. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर तळाशी क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं, आणि ते पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून पाणी रात्रभर फिरू द्यावं. दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या तिरक्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण हळू मिटायचं, आत बुडबुडा अडकला नाही ना ते पाहायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळा, खाली पांढरा असा गोल दिसतो. दोन रंगांच्या सीमेवरची रेघ ३५ वर, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार या खुणेवर, आली की पाणी तयार. मात्र हे उपकरण साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ ची खूणगाठ असलेलं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर ते अधूनमधून जुळवून घ्यावं.

पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवसापासून समुद्राचं पहिलं काम अंगावर येतं. वाफेने पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत, वरून पंखा चालू असेल तर अशा टाकीतून दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज उडतं. दिवसाला दोन लिटर धरले तर आठवड्यात शंभराचे ८६ लिटर राहतात आणि ३५ चा खारटपणा चाळिशीच्या पुढे जातो. एवढा फेर बहुतेक प्रवाळांना सोसत नाही. म्हणून काचेवर मूळ पातळीची खूण करावी आणि रोज तिच्यापर्यंत कोरं गोडं पाणी भरावं. खारं पाणी भरलं तर खारटपणा आणखी वाढतो. सेन्सर लावलेला छोटा पंप हे काम आपोआप करतो. या छंदात पैसे वाचवायच्या जागा बऱ्याच आहेत, ही त्यांतली नाही. गावाला जाणाऱ्या माणसाने तर हा पंप आधी घ्यावा, दिवे नंतर.

पंख्याचा उल्लेख आला तो तापमानामुळे. टाकी २५-२६ अंशांवर असावी. वाफ होताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते, त्यामुळे कोरड्या हवेत नुसत्या पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पुणे, नाशिक, संभाजीनगरला उन्हाळ्यात यावर बऱ्यापैकी निभावतं. मुंबई-कोकणात हवेतच इतका ओलावा असतो की पंख्याची मात्रा फारशी चालत नाही. तिथे चिलर घ्यावा लागतो किंवा टाकी एसीच्या खोलीत ठेवावी लागते. ज्याला यापैकी काहीच परवडत नाही त्याने टाकीचा बेत पुढे ढकलावा, हे मी आडपडदा न ठेवता सांगेन. हिवाळ्यात देशावर हीटर लागतो. हीटर चालू अवस्थेत अडकला तर टाकी शिजते, म्हणून त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर न विसंबता वेगळा कंट्रोलर मध्ये घालावा.

उष्णतेला प्रवाळ इतके का भितात? त्यांच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालं राहतात. सूर्यप्रकाशात ती साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. बदल्यात त्यांना आसरा आणि प्रवाळाच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं मिळतात. समुद्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने वर जाऊन काही आठवडे तसाच राहिला की ही भागीदारी तुटते. शैवालं बाहेर टाकली जातात, पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि पाणी लवकर निवलं नाही तर प्रवाळ उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर घडलं, २०२४ मध्ये पुन्हा घडलं. टाकीवाल्याच्या हातात निदान पंख्याचं बटण तरी असतं.

मासे नसलेल्या त्या दीड महिन्याकडे आता येऊ. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. तो विषारी असतोच, पण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तिथे तो जास्त घातक ठरतो. पीएच ७.२ वरून ८.२ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश आठ-नऊ पटींनी वाढतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू खडकावर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात, पण त्यांची वाढ संथ असते. रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाणं किंवा मोजून अमोनियम क्लोराइड टाकायचं आणि टेस्ट किटने पाहत राहायचं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. आज टाकलेला अमोनिया उद्या शून्य दिसू लागला आणि नायट्राइटही शून्यावर आलं, की टाकी पहिला जीव सांभाळू शकते. याला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू टाकून थोडी घाई करता येते. टेस्ट किटवरचे पैसे वाचवू नयेत.

या कामात खडकाचं महत्त्व पहिल्यांदा जगापुढे ठामपणे मांडलं ते जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. त्या काळी टाकीत उकळून-धुऊन पांढरे केलेले प्रवाळांचे सांगाडे ठेवत आणि पाणी जितकं निर्जंतुक तितकं चांगलं असं मानत. एंग यांनी समुद्रातला जिवंत खडक, त्यावरच्या कृमी-शैवालांसकट, तसाच टाकीत ठेवला, हवेचे बुडबुडे सोडले आणि जवळजवळ एवढ्यावर प्रवाळ जगवले. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत एका अमेरिकन मासिकात लिहिली. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनिया संपवतात, आणि खोल छिद्रांत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. आपल्याकडे समुद्रातला असा खडक उचलून आणू नये. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिक खडक मिळतात, ते वापरावेत. त्यांवर वस्ती व्हायला वेळ जास्त लागतो, इतकंच.

इथे कायद्याचं बोललं पाहिजे, कारण दुकानदार ते बोलत नाहीत. सांगाडा बांधणारी सर्व कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या खडकांवरून तोडलेला तुकडा 'मेलेला होता' म्हणून सुटका होत नाही. परदेशातून येणारी कठीण प्रवाळंही 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात, त्यांना परवाने लागतात. म्हणून भारतातल्या पहिल्या टाकीसाठी मशरूम कोरल आणि झोअँथस यांच्यासारखे सांगाडा नसलेले मऊ जीव निवडावेत. ते वर सांगितलेल्या गटांत येत नाहीत, टाकीतल्या टाकीत वाढतात आणि एकाचे दोन होतात. दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा मिळाला तर सगळ्यात उत्तम. जे काही विकत घ्याल त्याचं बिल मागून घ्यावं.

झोअँथस म्हणजे बटणाएवढ्या तोंडांची वसाहत. निळ्या उजेडात हिरवी-केशरी चमकते. बोट जवळ नेलं की सगळी बटणं एकापाठोपाठ मिटतात आणि पाचेक मिनिटांनी एक-एक करत पुन्हा उघडतात. पण या गटातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नये. त्यांचा खडक गरम पाण्याने धुवू नये, उकळू तर मुळीच नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते.

उजेडाविषयी थोडक्यात. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, निळा खोलवर पोचतो. प्रवाळांमधली शैवालं त्या निळ्यावर जगायला सरावलेली आहेत, म्हणून रीफ एलईडी निळसर असतात. मऊ मंडळींना मध्यम उजेड पुरतो. नवा दिवा कमी तीव्रतेवर सुरू करून आठ-नऊ तासांवर ठेवावा आणि आठवड्या-आठवड्याने तीव्रता थोडी वाढवावी. प्रवाहासाठी दोन छोटे पॉवरहेड पंप समोरासमोर लावावेत, म्हणजे पाणी एकाच दिशेने न वाहता घुसळलं जाईल.

जिवाणू बसले तरी टाकी लगेच देखणी होत नाही. आधी वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटमचा. मग हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट पापुद्रे. नेमक्या या टप्प्यावर घाबरून लोक औषधं ओततात, दिवे बंद करतात, खडक घासून काढतात. यातलं काहीही करू नये. चार-सहा ट्रोकस गोगलगायी सोडाव्यात, खाणं मोजकं ठेवावं, आणि थांबावं. काही महिन्यांत खडकावर जांभळट-गुलाबी ठिपके दिसू लागतात. हे चुनखडी शैवाल. ते पसरू लागलं की पाणी स्थिरावलं असं समजावं.

माशांत क्लाउनफिशची जोडी पहिली. पकडून आणलेले मासे घेण्याचं आता कारणच उरलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्यांचं प्रजनन बसवून दिलं आहे, आणि महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीतला मासा गोळीखाणं लगेच खातो, त्याच्यासोबत रोग कमी येतात. दोन लहान पिल्लं आणावीत. सुरुवातीला त्यांच्यात कोणीच मादी नसतं. दोघांपैकी जे वरचढ ठरतं ते मोठं होऊन मादी बनतं आणि दुसरं नर राहतं. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही, आणि नव्या टाकीत समुद्रफूल जगतही नाही. निळा सर्जन मासा दुकानात बोटभर दिसतो, पण तो फूटभर वाढतो. मँडरिन मासा फक्त बारीक जिवंत कवचधारी टिपून खातो आणि लहान टाकीत हळूहळू खंगतो. दोघांनाही आणू नये. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते त्याच वेगळ्या टाकीत.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी जरूर ठेवावी. काही आठवड्यांनी एका सकाळी ती तळाशी निश्चल पडलेली दिसेल, मिशांसकट. घाबरू नये. जवळून पाहिलं तर ते पारदर्शक, पोकळ कवच असतं. कोळंबी कात टाकून खडकामागे बसलेली असते आणि नवं कवच टणक झालं की एक-दोन दिवसांत बाहेर येते.

आठवड्याला दहा लिटर पाणी बदलावं. त्याने साठलेलं नायट्रेट उतरतं आणि खर्ची पडलेले क्षार भरून निघतात. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम असावं. ते शून्यावर आणायचा हट्ट नको. प्रवाळांना थोडं लागतं, आणि अगदी कोऱ्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाची चिकट पीडा उद्भवते. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, ८-९ डीकेएच असावी; कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. यांतली अल्कलिनिटी दर आठवड्याला मोजावी, कारण सांगाडे आणि शिंपले बनताना तीच आधी घटते. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅमने उतरलेलं असतं. मऊ प्रवाळांच्या टाकीत ही घट पाणी बदलून भागते. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे वाचक, ज्यांना कठीण प्रवाळं परवान्याने मिळतात, त्यांनी भर घालायच्या पाण्यात चुन्याची निवळी वापरावी. लिटरला दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं आणि रात्री, पीएच उतरलेला असताना, थेंबाथेंबाने सोडायचं. पानाच्या दुकानातला चुना वापरू नये.

वीज गेली की सगळ्यात आधी प्राणवायू संपतो. खाऱ्या पाण्यात तो गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो, आणि रात्री शैवालंही तो तयार करत नाहीत. दिवे आणि चिलर थांबले तरी काही तास निभावतं, पाण्याची हालचाल थांबून चालत नाही. एक पॉवरहेड घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप टाकीला कायमचा जोडून ठेवावा.

कधी घर बदलतं, कधी वेळ पुरेनासा होतो आणि टाकी बंद करावी लागते. तेव्हा दया येऊन मासे किनाऱ्यावर नेऊन सोडू नयेत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शैवालाचा चौरस मीटरभर तुकडा आढळला. पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर पसरलं. अटलांटिकमध्ये आज थैमान घालणारा लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला. तोही मत्स्यालयांतून सुटला असंच मानलं जातं. जीव दुसऱ्या टाकीवाल्याला किंवा दुकानाला द्यावेत. टाकीचं पाणी ब्लीच टाकून दिवसभर ठेवावं आणि घरच्या ड्रेनेजमध्ये सोडावं, नाल्यात किंवा खाडीत नाही. खडकांवर झोअँथस राहिले असतील तर ते खडक त्याच ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, मग मोकळ्या हवेत उन्हात पूर्ण वाळवावेत. पुढच्या टाकीला ते खडक पुन्हा कामी येतात.